नोस्फेराटू आज पुन्हा बनवायचा तर काय ठेवाल, काय बदलाल?

काजवा
मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते इथे टाकतोय.

मागच्या आठवड्यात भाची राहायला आली होती, वय चौदा. तिला भुताचे सिनेमे आवडतात आणि मला जुने, म्हटलं दोघांचं जमेल असं लावू. लॅपटॉपवर लावला मुर्नाऊचा १९२२ चा नोस्फेराटू. मूकपट, जर्मन, शंभर वर्षं उलटून गेलेला. तासभर पोरीने मन लावून बघितला. मग तो व्हॅम्पायर, काउंट ऑर्लोक, स्वतःची शवपेटी बगलेत मारून गावातून चालत जातो तो प्रसंग आला आणि ती फिस्सकन हसली. 'मामा, हा भर उन्हात पार्सल पोचवायला निघालाय.'

मला खरंच वाईट वाटलं. कारण मी हा सिनेमा कॉलेजात असताना होस्टेलवर बघितला होता आणि जिन्यावरून चढणारी ती सावली, ती लांब लांब होत जाणारी बोटं, त्यानंतर आठवडाभर रात्री बाथरूमला जाताना मी रूममेटला उठवायचो. तोच सिनेमा, तीच सावली, आणि समोर बसलेल्या पोरीला हसू येतंय.

तर प्रश्न असा. असा सिनेमा आजच्या माणसाला भीती वाटेल असा परत बनवायचा तर नक्की काय उचलायचं? कथा? तो चेहरा? सावल्या? की सगळं सोडून नव्याने मांडायचं? हेर्झॉगने १९७९ मध्ये केला, एगर्सने २०२४ मध्ये केला, दोन्ही बघितलेत. माझं मत आधीच सांगून टाकतो, वेग वाढवणं आणि किंचाळ्या घालणं हा मार्ग नाही. पण मग कुठला मार्ग हे मला नीट सांगता येत नाहीये, म्हणून धागा.

टिंबटिंब
पहिला नंबर. आता पांघरूण घेऊन बसतो, लिहा लोकहो.

रानजाई
काजवा, तुझी भाची हसली यात तिची चूक नाही आणि मुर्नाऊचीही नाही. तू तिला चुकीची प्रत दाखवलीस!

भर उन्हात फिरतोय असं तिला दिसलं ना? कारण चित्रीकरण खरंच उन्हात झालंय. त्या काळच्या फिल्मवर रात्रीचं बाहेरचं चित्रण जमतच नव्हतं, म्हणून दिवसा शूट करायचे आणि नंतर प्रतीचा तो तुकडा निळ्या रंगात बुडवायचे. निळं म्हणजे रात्र, पिवळसर म्हणजे घरातला दिवा नाहीतर दिवस, गुलाबी म्हणजे पहाट. १९२२ च्या प्रेक्षकाला हे पाठ होतं. नंतर फिरलेल्या कित्येक प्रती साध्या काळ्या-पांढऱ्या, रंग गेलेला. मग ऑर्लोक दुपारी बाराला पेटी घेऊन फिरणार नाही तर काय! रंग परत चढवलेली प्रत मिळते, ती बघ. तोच प्रसंग निळ्यात बघितला की घशाला कोरड पडते.

दुसरं वेगाचं. तेव्हा कॅमेरा हाताने फिरवायचे, सेकंदाला सोळा ते वीस चौकटी असा काहीतरी हिशोब. तोच तुकडा चोवीसने चालवला की माणसं तुरुतुरु पळतात आणि सगळं विनोदी दिसतं. खुद्द मुर्नाऊ या बाबतीत इतका काटेकोर होता म्हणतात की नटांच्या हालचालींची लय धरायला सेटवर मेट्रोनोम ठेवायचा.

माझं मत, पुन्हा बनवण्याआधी आहे तो नीट दाखवा.

अण्णा_बेळगावकर
रानजाई ताई, अगदी बरोबर बोललात. १९८० च्या सुमाराला आमच्या फिल्म सोसायटीत हा दाखवला होता. सोळा एमएमची प्रत, काळी-पांढरी, आणि प्रोजेक्टर एकाच वेगाचा. संगीत म्हणून कोणीतरी सतारीची रेकॉर्ड लावली. लोक हसले होते. आम्हीही हसलो. नंतर कितीतरी वर्षांनी मुलाकडे परदेशी गेलो तेव्हा वाद्यवृंदासकट बघितला, निळी-पिवळी प्रत, पडदा केवढा थोरला. जहाजाच्या तळातून तो ताठच्या ताठ उभा राहतो, गुडघा नाही वाकत, कंबर नाही वाकत, फळी उभी करावी तसा. शेजारच्या बाईंनी माझा हात धरला. ओळख ना पाळख. त्यांनाही कळलं नाही आणि मलाही नाही, पुढची पाच मिनिटं तसाच धरून बसलो होतो दोघं.

त्यामुळे काजवा यांना सांगणं एवढंच की लॅपटॉपवर नको.

वऱ्हाडी_ठेचा
राजे हो, मी जुना बघितलाच नाही, थेट एगर्सचा बघितला थेट्रात. लय आवडला. आवाज! त्यात ऑर्लोक झालेल्या स्कार्सगार्डने एका ऑपेरा गायिकेकडे शिकवणी घेऊन आवाज खाली उतरवला म्हणतात, आणि ते खरं वाटतं कारण तो बोलला की आपल्या खुर्चीला हादरा बसते. श्वाससुद्धा ऐकू येते. मूकपटात हे कसं मिळणार सांगा? म्हणजे नवीन बनवायचं कारण तिथंच आहे, जे त्यांच्याकडं नव्हतं ते वापरा.

फक्त एक गोष्ट डोक्यात गेली. नायक हुटर ऑर्लोकच्या किल्ल्यात अडकला, दार उघडत नाही, आपण श्वास रोखून बसलो आणि पडद्यावर इंटरव्हल! सिनेमात इंटरव्हलची जागाच नाही तर हे लोक मधेच सुरी फिरवते. लाइट लागले, समोसे आले, आणि परत आल्यावर पंधरा मिनिटं भीती बसायलाच तयार नाही. थेट्राचं नाव घेत नाही पण तक्रार लिहून दिली आहे मी.

खडीसाखर
ठेचा, इंटरव्हलबद्दल शंभर टक्के अनुमोदन.

पण एगर्सच्या सिनेमाबद्दल माझी कुरकुर आहे. दिसायला अप्रतिम आहे, यात वादच नाही. छायाचित्रकार जॅरिन ब्लाश्कने चांदण्याचा प्रकाश असा केलाय की रंग जवळजवळ उडून जातात, आपल्याला पौर्णिमेच्या आसपास गावाला दिसतं ना, हिरवं हिरवं वाटत नाही, सगळं राखाडी, तसं. मेणबत्तीच्या उजेडातले प्रसंग तर थांबवून बघत बसावे. पण मूळ सिनेमात न सांगितलेलं फार होतं. ऑर्लोकला हुटरची बायको एलेनच का हवी? मुर्नाऊ सांगत नाही. हुटर किल्ल्यात मरायला टेकलेला असतो, इकडे ती शेकडो मैलांवर झोपेतून दचकून उठते, हात पुढे करते, आणि तिकडे ऑर्लोक मान वळवून बघतो. बस. दोन वेगळ्या जागांची चित्रं शेजारी शेजारी ठेवली आणि आपल्याला कळलं की यांच्यात काहीतरी धागा आहे. एगर्सने तो धागा सोडवून दाखवला, तिच्या लहानपणापासून. मला तो गुंता गुंताच राहिलेला जास्त भीतीदायक वाटतो.

भुईकमळ
खडीसाखर, इथे मी तुझ्याशी भांडणार.

१९२२ मधली एलेन शेवटपर्यंत खिडकीशी उभी राहून वाट बघणारी, फिकी, सोसणारी बाई आहे. पुस्तकात वाचते की निष्पाप स्त्रीने स्वतःहून रक्त दिलं आणि कोंबडा आरवेपर्यंत त्याला धरून ठेवलं तर तो मरेल, आणि मरायला तयार होते. आज कुणी हे तसंच दाखवलं असतं तर मी उठून गेले असते. एगर्सने सिनेमा सुरूच तिच्यापासून केला. ती एकटी मुलगी, कुणीतरी सोबत द्या म्हणून प्रार्थना करतेय, आणि ओ देणारा भलताच निघतो. पुढे तिला झटके येतात तेव्हा डॉक्टर काय करतो? घट्ट कॉर्सेट घालून झोपवा, इथर द्या. कुणी विचारत नाही बाई तुला काय दिसतंय. माझ्या आत्याला असंच 'अंगात येतं' म्हणून वर्षानुवर्षं कोपऱ्यात बसवून ठेवलं होतं, तिला काय होत होतं ते आम्हाला ती गेल्यावर कळलं. लिली-रोज डेपने ते झटके बुटो या जपानी नृत्यप्रकाराच्या तालमी करून स्वतःच्या शरीराने केलेत, कंप्युटरने वाकवलेले नाहीत. ते बघताना मला ऑर्लोकची नाही, आजूबाजूच्या भल्या माणसांची भीती वाटली.

म्हणून काजवा, माझं उत्तर, सावली ठेवा आणि बाई बदला.

काजवा
भुईकमळ, हे वाचून थांबलो जरा. आत्याचं लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. माझ्या डोक्यात एलेन कधी मध्यभागी आलीच नव्हती, मी आपला त्या टकल्या म्हाताऱ्याकडेच बघत बसलो.

गोंधळी
अरे हेर्झॉगला कुणी वाली आहे की नाही इथे!

तिघांत मला तोच सर्वांत जवळचा. क्लाउस किन्स्की, इझाबेल अजानी, ब्रुनो गांझ. किन्स्कीचा मेकअप १९२२ च्या ऑर्लोकसारखाच, म्हणजे माक्स श्रेकसारखाच, टक्कल, उंदरासारखे पुढचे दात, रोज चारेक तास लागायचे त्याला. पण तो राक्षस नाही वाटत, दमलेला वाटतो. शतकानुशतकं मरता येत नाही म्हणून थकलेला. आणि तो प्रेम मागतो हो, लहान मुलासारखं.

त्यातला एक प्रसंग सांगतो. गावात प्लेग पसरलाय, चौकात शवपेट्यांची रांग लागलीय. आणि चौकाच्या मधोमध काही माणसं टेबल मांडून, चांगले कपडे घालून जेवायला बसलीत. पांढरा टेबलक्लॉथ, वाइन. त्यांनाही लागण झालीय, आता उरलेले दिवस मजेत घालवू म्हणतात. पायाशी उंदीरच उंदीर. मागे जॉर्जियातलं एक लोकगीत वाजतंय. आणि ल्युसी, म्हणजे हेर्झॉगची एलेन, त्यांच्यामधून चालत जाते, ओरडते, कुणी ऐकत नाही. पुढच्या शॉटमध्ये टेबल तेच, माणसं नाहीत, नुसते उंदीर.

हा प्रसंग मुर्नाऊच्या सिनेमात नाही. हेर्झॉगने मूळ सिनेमाला हात जोडले आणि मग स्वतःच्या मनातलं काढलं. त्याचं म्हणणं असायचं की आमच्या पिढीला सिनेमात बापच नव्हते, नाझी काळाने ते नेले, म्हणून आम्ही आजोबांकडे गेलो. आजोबा म्हणजे मुर्नाऊ. आजोबांची गोष्ट नातवाने सांगायची तर आजोबांचा आवाज काढायचा नसतो.

टिंबटिंब
त्या उंदरांबद्दल मी वाचलंय. ११,००० च्या आसपास आणले होते, हंगेरीहून, प्रयोगशाळेतले पांढरे. पांढरे उंदीर प्लेगचे कसे दिसणार म्हणून करडे रंगवले. डेल्फ्ट शहरात शूटिंग चालू होतं, तिथल्या लोकांनी हात जोडले, बाबांनो उंदीर नकोत, मग ते प्रसंग शेजारच्या गावात जाऊन केले. प्रवासात आणि रंगवण्यात बरेच मेले अशा तक्रारी तेव्हाच झाल्या होत्या. प्रसंग भारी आहे गोंधळी, पण हे कळल्यापासून मला तो सुखाने बघता येत नाही.

गोंधळी
मान्य. ते तसं व्हायला नको होतं. कलेसाठी जिवांचे हाल हे मलाही पटत नाही.

लिंबलोण
बरेच दिवस वाचनमात्र होते, पण उंदीर आणि प्लेग आला म्हणून लिहितेच. सार्वजनिक आरोग्यात नोकरी करते.

हा सिनेमा मी व्हॅम्पायरचा म्हणून बघूच शकत नाही. मला तो साथीचा सिनेमा वाटतो. ड्रॅक्युला या ब्रॅम स्टोकरच्या कादंबरीवरून परवानगी न घेता हा बनवला हे बहुतेकांना माहीत असेल, पण कादंबरीत प्लेग नाही. तो मुर्नाऊ आणि लेखक हेन्रिक गालेन यांनी घातला. १९२१ मध्ये शूटिंग झालं, म्हणजे महायुद्ध संपून तीन वर्षं आणि १९१८ चा इन्फ्लुएन्झा कालपरवाचा. प्रेक्षागृहात बसलेल्या प्रत्येकाच्या घरातून कुणी ना कुणी गेलेलं. मग त्यांना गावातून दवंडी पिटणारा माणूस दिसतो, घरात बसा, आजारी माणसाला बाहेर आणू नका. एक जण खडूने दारांवर फुल्या मारत जातो. अरुंद गल्लीतून काळे कोट घातलेली माणसं शवपेट्या खांद्यावर घेऊन येतात, एलेन खिडकीतून बघते आणि रांग संपतच नाही. त्या प्रेक्षकांना दात आणि नखं बघून काटा आला असेल असं मला नाही वाटत. ती रांग बघून आला असेल.

२०२० मध्ये मी कामावरून आले की आंघोळ करून, जेवून, झोप येत नाही म्हणून काहीबाही बघायचे. त्यात हा लागला. फुल्या मारण्याच्या प्रसंगाला बंद केला. आमच्याकडे तेव्हा दारांवर कागद चिकटवत होते.

पेठकरी
लिंबलोण ताई, काय लिहिलंत.

यात एक तारखांचा योग आहे, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. ड्रॅक्युला कादंबरी लंडनला आली २६ मे १८९७ ला. त्याच वेळी पुण्यात प्लेग होता. सावित्रीबाई प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता १० मार्चला गेल्या. आणि कादंबरी आल्यावर महिन्याच्या आत, २२ जूनच्या रात्री, चापेकरांनी रँडला गोळी घातली. म्हणजे तिकडे लोक पूर्वेकडून बोटीने येणाऱ्या संकटाची गोष्ट कातरवेळी वाचत होते आणि इकडे ते संकट बोटीने बंदरात उतरून, मुंबईतून आगगाडीत बसून पेठांमध्ये आलंसुद्धा होतं. फुल्यांवरून आठवलं, मुंबईतही तेव्हा राहायला अयोग्य ठरवलेल्या घरांवर इंग्रजी अक्षरांच्या खुणा करायचे.

माझी पणजी सांगायची, घरात उंदीर पडला की आधी बोलायचं नाही कुणी. सगळे एकमेकांकडे बघायचे. मग भांडीकुंडी बांधायची आणि गावाबाहेर झोपडीत राहायला जायचं. पडला म्हणजे आढ्यावरून पटकन खाली पडून मेला. तो 'पट्' आवाज ती हाताने पाटावर थाप मारून काढून दाखवायची आणि आम्ही पोरं पाय वर घ्यायचो. एवढं सोपं आहे बघा. दात नाहीत, रक्त नाही. एक आवाज.

लिंबलोण
पेठकरी, पणजींना नमस्कार. आणि उंदीर पडणं हीच खूण असायची हे त्या लोकांनी अनुभवाने ओळखलं होतं. जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगला सापडला, पण उंदरावरच्या पिसवा तो माणसांत आणतात हे सिमों या फ्रेंच संशोधकाने दाखवलं १८९८ मध्ये कराचीला. लोक त्याआधीच घर सोडत होते.

वऱ्हाडी_ठेचा
मग आपलाच बनवा की. पुणे, १८९७. बोटीतून पेटी येते, मुंबईत उतरते, वाड्यात भाड्याने राहते. मी तिकीट काढतो आत्ताच.

पेठकरी
ठेचा भाऊ, कल्पना भुरळ घालते पण मला नको वाटतं. आपल्याकडे त्या साथीत खरी माणसं गेली, सोल्जर घरात घुसले, बायकांना अंगणात आणून तपासलं. त्यात वर आणखी एक रक्तपिपासू कशाला? आणि ऑर्लोकची गोष्ट कार्पेथियन डोंगरातली आणि बाल्टिकच्या किनाऱ्यावरच्या व्यापारी गावातली आहे, तिला तिथंच राहू दे. आपल्या मुंजा-समंधांची भीती वेगळ्या जातीची, त्यांना घराचा कागद करून जागा विकत घ्यावी लागत नाही.

त्रावेकाठी
कागद करून जागा विकत घ्यायचा विषय निघालाच आहे तर लिहिते. मी सध्या ल्युबेकला राहते, उत्तर जर्मनी. ऑर्लोक जे घर विकत घेतो ते माझ्या रोजच्या बसच्या वाटेवर आहे!

होल्स्टेनटोर या जुन्या वेशीजवळ, त्रावे नदीला लागून सहा विटांची गोदामं आहेत, मिठाची. झाल्त्सश्पायखर म्हणतात. निमुळत्या पायऱ्यापायऱ्यांच्या माथ्याची, एकमेकांना खेटून उभी. सिनेमात ती ओसाड, खिडक्या म्हणजे काळी भोकं, आणि एका भोकात तो उभा राहून समोरच्या घरातल्या एलेनकडे बघतो. आता तिथे दुकान आहे, पर्यटक फोटो काढतात. पण नोव्हेंबरात साडेचारला अंधार पडतो, नदीवरून धुकं येतं आणि मी पिशव्या घेऊन तिथून जाताना वर बघत नाही. दहा वर्षं झाली, नाही बघत.

विस्मारलाही गेले होते, गाडीने तासभर. तिथली बंदराकडची वेस, जिच्यातून तो पेटी घेऊन आत येतो, ती अजून तशीच आहे. सांगायचं कारण, मुर्नाऊने किल्ला, डोंगर, गाव खरं वापरलं. त्या काळचे त्याचे जोडीदार स्टुडिओत वाकड्यातिकड्या भिंती रंगवत होते. हा माणूस स्लोव्हाकियात ओराव्हाच्या किल्ल्यावर गेला, टाट्रा डोंगरात गेला. खऱ्या झाडात, खऱ्या वाऱ्यात खोटं माणूस उभं केलं. म्हणून पुन्हा करताना सगळं हिरव्या पडद्यापुढे केलं तर पायाच काढून घेतल्यासारखं होईल. एगर्सने प्राग भागात सेट बांधले, पण हाताने बांधले, फिल्मवर शूट केलं, म्हणून ते चाललं.

रानजाई
त्रावेकाठी, फोटो टाका ना प्लीज. धुक्यातला.

त्रावेकाठी
टाकेन. नवऱ्याला काढायला लावते.

जुनापडदा
चर्चा छान चालली आहे. मला वेगळ्याच मुद्द्यावर यायचंय, हा सिनेमा आज आपल्यापर्यंत पोचला हेच आश्चर्य आहे.

प्राना फिल्म या कंपनीने काढलेला हा एकमेव सिनेमा. ४ मार्च १९२२ ला बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयातल्या मोठ्या दालनात थाटात पहिला खेळ झाला. नावं बदलली होती, ड्रॅक्युलाचा ऑर्लोक केला, पण गोष्ट कळत होतीच. स्टोकरच्या पत्नी फ्लॉरेन्स यांनी दावा लावला. कंपनी तोवर बुडालेली, पैसे देणार कोण? शेवटी १९२५ मध्ये कोर्टाने हुकूम दिला की सगळ्या प्रती नष्ट करा. झाल्याही बऱ्याच. पण काही आधीच परदेशात पोचल्या होत्या, त्या वाचल्या आणि त्यांच्यावरून पुढे हा सिनेमा जोडून जोडून उभा केला. हान्स एर्डमानने लिहिलेलं मूळ संगीत बरंचसं हरवलंच.

आपल्याकडे तर कोर्टाचीही गरज पडली नाही. तेराशेच्या आसपास मूकपट झाले भारतात आणि उरले मूठभर. चांदीसाठी फिल्म वितळवली, गोदामं जळली, ओल लागली. फाळक्यांचे तुकडे पी. के. नायर यांनी घरोघर हिंडून पुण्याच्या संग्रहालयात आणले म्हणून आज बघायला मिळतात. मी तिथे कालिया मर्दन बघितलाय. मंदाकिनी फाळके, वय असेल सातेक, कृष्ण झालीय आणि सिनेमा सुरू व्हायच्या आधी तिचा नुसता चेहरा पडद्यावर, हसतेय. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. किती असे चेहरे गेले असतील.

त्यामुळे कुणी परत बनवतो म्हटलं की मला आधी आनंदच होतो. नवीन आला की जुन्याची प्रत कुणीतरी धुऊनपुसून बाहेर काढतं.

अण्णा_बेळगावकर
जुनापडदा, नमस्कार तुम्हाला. पण फ्लॉरेन्सबाईंची बाजूही बघा. नवरा गेलेला, उत्पन्न म्हणजे त्या एका पुस्तकाचं, आणि परक्या देशातली कंपनी विचारल्याशिवाय सिनेमा काढते. त्यांनी लढायला हवंच होतं. सिनेमा वाचला याचा आनंद आहे, पण त्या बाईंना खलनायिका करू नये.

जुनापडदा
पटलं अण्णा. खलनायिका म्हणायचं नव्हतंच.

टिंबटिंब
अवांतर : मुर्नाऊ १९३१ मध्ये अमेरिकेत मोटार अपघातात गेला, बर्लिनजवळ पुरलाय. २०१५ मध्ये कुणीतरी थडगं उघडून त्याची कवटी चोरून नेली. वाचून रात्रभर झोप नव्हती मला. असो, चालू द्या.

खडीसाखर
बापरे. गेलेल्या माणसाला तरी सोडा.

मी परत मूळ प्रश्नावर येते, कारण एक गोष्ट राहिलीय. चेहऱ्याची. माक्स श्रेकचा तो चेहरा, वाकडं नाक, उंदरासारखे दात, पूर्वेकडून आलेला परका, सोबत उंदीर आणि रोगराई, गावात जागा घेतो आणि गावातल्या बाईवर डोळा. १९२० च्या जर्मनीत ज्यूंबद्दल जी विषारी व्यंगचित्रं छापून यायची त्यांच्याशी हे सगळं इतकं जुळतं की अभ्यासकांनी त्यावर बरंच लिहिलंय. गालेन स्वतः ज्यू होता, घरांचा दलाल क्नॉक याचं काम करणारा अलेक्झांडर ग्रानाखही ज्यू, त्यामुळे बनवणाऱ्यांच्या मनात काय होतं यावर वाद होतो. पण पुढे तिथे काय झालं ते माहीत असताना तोच चेहरा आज जसाच्या तसा घेणं मला बरोबर नाही वाटत. एगर्सने तो चेहरा सोडून त्याला ट्रान्सिल्व्हेनियातला जुना सरदार केला, जाड कोट, भरघोस मिशा, सडत चाललेलं अंग. इथे मी त्याच्या बाजूने आहे.

वऱ्हाडी_ठेचा
मिशांवरून आमच्या ग्रुपमध्ये दोन तट पडले होते! मी मिशांच्या बाजूने. माझ्या आजोबांच्या अशाच होत्या, अंधारात आधी मिशाच दिसायच्या.

भुईकमळ
खडीसाखर, चला, कुठेतरी तरी आपलं एकमत झालं.

मी अजून एक जोडते. उन्हाने व्हॅम्पायर मरतो हे आपण सगळे जन्मापासून माहीत असल्यासारखं बोलतो ना, ते आलं या सिनेमातून. कादंबरीतला ड्रॅक्युला दिवसा लंडनमध्ये फिरतो, थोडा क्षीण असतो एवढंच. मुर्नाऊने पहिल्यांदा त्याला उजेडात धूर करून टाकलं. म्हणजे यांनीही मूळ गोष्ट बदललीच होती, आणि बदललेलीच नंतर खरी होऊन बसली.

गोंधळी
हेच मी मघापासून सांगतोय. हेर्झॉगने शेवट बदलला. त्याच्याकडे बाई मरते, ड्रॅक्युला, म्हणजे त्याचा ऑर्लोक, मरतो आणि तरी साथ थांबत नाही, कारण तिचा नवराच आता तो झालाय, घोड्यावर बसून वाळूच्या वादळात निघून जातो. एगर्सकडे ती दोघं पहाटे पलंगावर, वर लायलॅकची फुलं. तिघांनी तीन शेवट केले. तुझ्या प्रश्नाचं उत्तर शेवटात आहे काजवा. आपला शेवट सुचत नसेल त्याने हात लावू नये.

काजवा
सगळ्यांचे मनापासून आभार. कालपासून चार वेळा धागा वाचला.

रानजाई, तुमचं ऐकून रंगीत प्रत मिळवली. शनिवारी भाचीला परत बोलावलं. ती म्हणाली, 'परत तेच?' म्हटलं एकदा माझ्यासाठी. टीव्हीला जोडला, दिवे घालवले, पंखासुद्धा बंद केला, मोबाइल दोघांचे स्वयंपाकघरात ठेवले. आणि पेठकरी, सुरू करायच्या आधी तुमच्या पणजींची गोष्ट सांगितली, पाटावर थाप मारून. पट्. तिने पाय वर घेतले ते शेवटपर्यंत खाली ठेवले नाहीत.

पेटीच्या प्रसंगाला हसली नाही. निळ्या रात्रीत तो एकटा चालतोय, गाव झोपलंय, कुणाला पत्ता नाही. तिने नुसतं विचारलं, 'हे लोक उठत का नाहीत?' फुल्यांच्या वेळी म्हणाली, 'आपल्या सोसायटीत पण कागद लावला होता ना बी विंगला.' ती तेव्हा नऊ वर्षांची होती. मला वाटलं नव्हतं तिला आठवत असेल.

आणि जिन्यावरची सावली आली तेव्हा ती पडद्याकडे बघत नव्हती. आमच्या पॅसेजकडे बघत होती.

संपल्यावर दिवे लावले. मला वाटलं आता ऑर्लोकबद्दल विचारेल. तर विचारते काय, 'मामा, तिने खिडकी स्वतः उघडली ना? मग तिच्या नवऱ्याला का नाही सांगितलं आधी?' भुईकमळ, मी काहीच बोलू शकलो नाही, तुमचा प्रतिसाद वाचायला दिला. तो वाचून झाल्यावर ती म्हणतेय की तिला एलेनच्या बाजूने सगळा सिनेमा लिहून काढायचाय, वहीत. पहिला प्रसंग लिहिलाय. त्यात ऑर्लोक नाहीच, फक्त उघडी खिडकी आहे आणि समोरच्या गोदामातलं काळं भोक.

भुईकमळ
तिला सांगा मला वाचायचंय.

त्रावेकाठी
काजवा, तुमच्या भाचीसाठी फोटो काढायला काल संध्याकाळी मीच गेले. त्या खिडकीकडे वर बघितलं. आत कुणीतरी दिवा लावलेला होता. फोटो रात्री टाकते.